कोरड्या सुताला विटाळ नाही

फडकं माझ्या मांडीवर येऊन पडलं. जुन्या धोतराचा हातभर तुकडा. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत होता त्याला.

"बांध तोंडाला," मुकादम म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसले. खरंच हसले, बरं का. शहरात येऊन महिना झाला नव्हता, इथली चेष्टा कुठली आणि खरं कुठलं ते अजून कळायचं नाही.

"दात काय काढतीस? बांध म्हणतो न्हवं! नाकावरनं घे आणि मागं गाठ मार."

कारखान्यात अठरा माग. अठराही थांबलेले. एवढे माग एकदम थांबले की कानात दडे बसतात. त्या शांततेत खळ शिजवायच्या चुलीत एक धोटा, मागावर आडवं सूत नेणारा, जळत होता. शिसवी लाकडाचा, हाताळून हाताळून आरशासारखा झालेला. त्याला मी तोंड लावलं होतं. एवढाच त्याचा गुन्हा.

मी फडकं बांधलं.

होय, बांधलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी मोठी शूर होते असं कुणाला वाटायला नको. चार महिने बांधलं.

आमचं गाव निपाणीच्या खाली, कानडी मुलखाच्या कडेला. घरात निम्मी मराठी, निम्मी कानडी. माझा बाप विणकर. म्हारवाड्यात माग असतो म्हटलं की कोल्हापुरात लोक तोंडाकडं बघायचे, पण आमच्याकडं चार घरांत होते. जाडंभरडं कापड विणायचो. शेतकऱ्याची पंची, पासोड्या, वाकळेची अस्तरं. मला भाऊ नव्हता, म्हणून बापानं मलाच खड्ड्याच्या मागावर बसवलं. पाय पोचत नव्हते तर पायानं दाबायच्या पावड्याला चिंध्या गुंडाळून उंच केल्या. बापाचा हात थकला की मी विणायची, माझा थकला की बाप. लग्न गावातच झालं, त्यामुळं माग काही सुटला नाही.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. पंधरा दिवसांत बाप गेला आणि नवराही गेला. दिरानं माग विकला. विकताना मला म्हणाला, "बाईमाणसाला माग काय करायचाय?" मला रडू फुटलं नाही. मी मागावर धागा ठोकायची फणी तेवढी मागितली. ती पण दिली नाही.

कोल्हापुरात माझी मावशी होती. आमच्यात मावशीला चिगव्वा म्हणतात. ती रस्ते झाडायला जायची. तिच्याकडं आले, एका बोचक्यानिशी, चालत.

गावाच्या वेशीवर एक मिशाळ माणूस गाडीचे बैल सोडत बसला होता. मला बघून हसून म्हणाला, "काय पावणं, कुठनं येणं? दमलाय की. बसा सावलीला."

एवढं गोड कुणी बोललं नव्हतं कितीतरी दिवसांत. मी माझ्या मोडक्या बोलीत मावशीचा पत्ता विचारला. म्हारवाडा हा शब्द ऐकला आणि त्याचं हसू तिथंच थिजलं. सावलीत पसरलेला पाय त्यानं जवळ ओढून घेतला.

"असं व्हय. मग ह्या रस्त्यानं कशाला आलीस? मागनं जायाचं."

पावणं म्हणता म्हणता 'आलीस' झालं. माझी कोल्हापूरशी ओळख ही अशी झाली.

पण शहर मोठं होतं, खोटं कशाला बोलू. टांगे काय, तालमीतले गडी काय! म्हशी चौकात आणून लोकांच्या डोळ्यांसमोर धार काढायचे. मी बघतच राहायची. आमच्या चिगव्वाला भांडं खाली ठेवायला लागायचं आणि गवळी वरनं धार सोडायचा. निम्मं दूध भुईला. चिगव्वा म्हणायची, "भुईपण कोल्हापूरचीच हाय की गं, पिऊ दे तिला."

तिनंच मला शहराची रीत शिकवली. "हे बघ बाई, गावात सगळ्याचाच विटाळ. इथं तसं न्हाय. इथं कोरड्याला विटाळ न्हाय, ओल्याला हाय. जोंधळं चालतात, पीठ चालतं. पाणी शिंपडलं की संपलं. एवढं ध्यानात ठेव, म्हंजे कुठंबी पोट भरशील."

सूत कोरडं. म्हणून मला काम मिळालं.

तेव्हा महाराजांनी हुकूम काढले होते. शाळेत, दवाखान्यात, विहिरीवर शिवाशिव चालायची नाही म्हणून. दरबाराकडून ज्याला जागा, सूत, सवलत मिळायची, त्यानं आमच्या माणसांना कामावर घ्यायचं, असंही होतं. आमच्या मालकानं कारखान्याला जागा घेतली होती दरबाराची. तेव्हा एक माणूस तरी दाखवायला हवाच होता. त्यांनी बाई घेतली. बाई गप बसते.

हुकूम महाराजांचा होता, मनापासून होता, त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. पण हुकूम राजवाड्यातून निघून आमच्या दारापर्यंत यायचा, तर वाटेत किती माणसं! प्रत्येकानं त्यातलं थोडं थोडं काढून ठेवायचं.

मला दाराशेजारी बसवलं, पागोळ्या पडतात तिथं. रहाट दिला. लडीवरचं सूत कांडीवर गुंडाळायचं, भरलेल्या कांड्या टोपल्यात टाकायच्या. मागवाले येऊन टोपल्यातून उचलून न्यायचे. कोरड्या कांड्या, कोरडं सूत. कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

माझ्या सगळ्यात जवळचा माग गणूतात्याचा. म्हातारा माणूस, पाठीत वाक, हात मात्र असा चालायचा की बघत राहावं. दुसऱ्याच दिवशी त्यानं माझी कांडी बोटांत फिरवून बघितली. म्हणाला, "लेकी, कुठं शिकलीस गं? चढ न्हाय, उतार न्हाय. अशी कांडी आमच्या घरातल्या बायकांना भरता येत न्हाय."

मी म्हणाले, "बाच्या हाताखाली. मला विणायलाबी येतंय."

"विणायला?" तो हसला. पण वाईट नाही हसला. "मग बस एकदा मागावर."

ते वाक्य मी घरी नेलं. भाकरी थापताना, आंघोळ करताना, झाडताना. बस एकदा मागावर. मला दुसरं काही नकोच होतं हो. दागिना नको होता, दुसरा नवरा नको होता. पायाखाली पावडे आणि समोर उभ्या सुताचा ताणा. बस.

आठव्या दिवशी घोटाळा झाला.

गणूतात्याची पाठ धरली होती. धोटा रिकामा झाला, आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, डोळे मिटून. धोटा मागाच्या कडेला पडलेला, माझ्या हाताशी. आता तुम्हीच सांगा. लहानपणापासून बापाचा धोटा मी भरून द्यायची. हातानं विचारलं नाही मला. मी कांडी धोट्यात बसवली. सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकाला लावलं, आणि दुसऱ्या बाजूनं तोंड लावून ओढलं. धोट्यातनं सूत असंच काढतात, ओठ लावून, श्वासानं. सगळे विणकर तसंच काढतात. दुसरा उपाय नाही. सूत फस्सकन जिभेवर आलं. मी धोटा जागेवर ठेवला.

तात्या बसला. चार बोटं कापड विणलं. मग हात थांबला.

"धोटा भरला कुणी?"

"म्या."

"सूत कसं काढलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. "तोंडानं. दुसरं कशानं काढत्यात?"

तो उठला. बाहेर गेला. रांजणाजवळ उभा राहून चुळा भरायला लागला. एक, दोन, पाच, दहा. घशात बोट घालून खाकरत होता. थुंकत होता. त्यानं तर अजून त्या धोट्याला तोंडही लावलं नव्हतं. पुढच्या कांडीला लावलं असतं, ह्या नुसत्या विचारानं.

मी ते बघत होते. मुकादमाच्या शिव्या मला आठवत नाहीत, एवढ्या वर्षांत गेल्या विसरून. पण मला लेकी म्हणणारा म्हातारा माझ्या श्वासावर दहा वेळा थुंकला, ते आवाज मी अजून मोजून दाखवीन.

मुकादमानं चिमट्यानं धोटा उचलून चुलीत घातला. मग मला फडकं.

आणि कापड? ते चार बोटांचं? ते कापलं नाही बरं का! ते तसंच पुढं विणलं, घडी घातली, विकलं. कुणाच्या तरी अंगावर गेलं. कापडाला विटाळ झाला नाही.

फडक्यामागं आणखी एक कारण होतं. सूत तुटलं की दोन टोकं जोडायला बोट जिभेला लावून पीळ द्यायला लागतो. मुकादमाच्या आता ते ध्यानात आलं. "कांडीला थुका लावलास तर हात मोडीन," म्हणाला. मी वाटीभर पाणी मागितलं. "पाणी कशाला? कोरडंच कर."

कोरड्या बोटानं सूत जुळत नाही. सुटतं. कांड्या कमी पडायला लागल्या आणि आळशी म्हणून बोलणी बसायला लागली. मग मी काय केलं सांगू? मानेवर बोट फिरवायचं. दारातनं ऊन यायचं, फडक्यानं तोंड शिजायचं, मानेवर घामाच्या धारा. त्या घामानं पीळ दिला. चार महिने कोल्हापूरच्या लोकांनी माझा घाम अंगावर घातला. कुणाला पत्ता नाही.

बाकीच्या बाया होत्या चार, पलीकडच्या भिंतीला बसायच्या. त्या मला नावानं हाक मारायच्या नाहीत. "ए कानडे" म्हणायच्या, फडकं बांधल्यापासून "ए नवरी" म्हणायला लागल्या. एक म्हणायची, "नवरी लाजली गं, पदर काढंना!" आणि सगळ्या खिदळायच्या. मी खाली बघून रहाट फिरवायची.

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही दिलंस? सोडणार होते की. एकदा बोचकं पण बांधलं. पण मालकानं बोलावलं. धोतराचा सोगा हातात, गादीवर बसलेले. मी उंबऱ्याबाहेर उभी.

"तुला विणता येतं म्हणे. गणू सांगत होता."

मी मान हलवली. तोंडाला फडकं, बोलणार कशानं?

"दरबाराचे साहेब येणारेत पुढच्या आठवड्यात, बघायला. नीट वाग. दसऱ्याला तुला माग देतो. शेवटचा, कोपऱ्यातला. आडोसा घालून देऊ. तुझा धोटा तुला, दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. झालं?"

झालं! मी बोचकं सोडलं. आडोसा तर आडोसा. भिंतीआड तर भिंतीआड. माग तर माझा! चिगव्वानं त्या दिवशी गुळाचा खडा दिला तोंडात घालायला.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मुकादम दारातच उभा. "आज फडकं सोड. लुगडं धडकं नेसलीस का? आज दाराशी बसायचं न्हाय. मागावर बस. गणूच्या. साहेबानं विचारलं तर सांग, हितंच विणतो म्हणून."

फडकं कमरेला खोचलं आणि मी गणूतात्याच्या मागावर बसले.

काय सांगू. पाय पावड्यावर ठेवले. ताणा असा ताठ, पांढराशुभ्र. हात फिरवला तर बापाच्या पाठीवर फिरवल्यासारखं वाटलं. दोन धागे टाकून बघितले. मागाचा ठेका पायांत आला. मी खुळ्यागत हसत होते एकटीच.

मागं मुकादम कुणाशी तरी बोलत होता. दबक्या आवाजात नव्हे. मी ऐकलं काय, न ऐकलं काय, त्याला काय फरक पडत होता?

"साहेब गेला की बैठक शेणानं सारवून घ्या. पावडे चुलीत घाला, नवं बसवू. आणि धोट्याला तोंड लावायच्या आत हिला उठवायची, ध्यान ठेवा."

"आणि दसऱ्याला माग?" गणूतात्याचा आवाज.

"कसला माग? दसऱ्यापतोर दरबाराचा जागेचा कागद हातात येतोय. मग कशाला ठेवायची हिला?"

दोघंही हसले. गणूतात्यासुद्धा.

माझे पाय थांबले. मी ताण्याकडं बघत होते. त्यातला एक धागा सैल होता, तेवढंच दिसत होतं मला. मग मी कमरेचं फडकं काढलं. झटकलं. नाकावरून घेतलं आणि मागं गाठ मारली. घट्ट.

मुकादम धावत आला. "ए! सोड ते! साहेबाचा टांगा आला!"

मी मान हलवली. नाही.

"सोड म्हणतो न्हवं!"

हात लावून सोडवलं असतं त्यानं, पण हात लावायचा कसा? तो हात पुढं करायचा, मागं घ्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा विटाळ माझ्या कामाला आला.

साहेब आले. पांढरा फेटा, चष्मा, बगलेत कागद. मालक हात जोडून पुढं. बाकीचे सतरा माग चालू. साहेब माझ्यासमोर थांबले. मी विणत नव्हते. हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत होते, डोळे वर करून.

"या बाईंच्या तोंडाला हे काय?"

मालक म्हणाले, "धूळ, साहेब. सुताची धूळ उडते. छातीत जाते बिचारीच्या."

साहेबांनी सभोवार बघितलं. सतरा उघडी तोंडं. त्यांना दिसली नसतील? दिसली. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, दिसली त्यांना. आणि म्हणाले, "बरं करता. प्रकृती जपायलाच हवी." आणि पुढं पाऊल टाकलं.

तेव्हा मी गाठ सोडली.

"धूळ न्हाय, साहेब."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. चार महिने त्या जागेत मी मोठ्यानं बोललेच नव्हते.

"मी म्हारीण हाय. माझी थुकी ह्यांच्या धोट्याला लागू नये म्हणून बांधलंय. आज तुमच्यासाठी सोडाय सांगितलंतं. मी सोडलं न्हाय, तुमी बघावं म्हणून. तुमी बघितलं, आन् धूळच खरी धरलीत."

मी टोपल्यातून कांडी घेतली, धोट्यात बसवली. भोकाला ओठ लावले आणि सगळ्यांच्या देखत सूत ओढलं. सावकाश. मग विणायला लागले. ताणा फाकवला, धोटा फेकला, फणी ठोकली. वीतभर कापड विणलं असेल. एकाही धाग्यात दोष नव्हता. कुणीही येऊन बघावं.

साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. "बाई," म्हणाले, "हे सगळं हळूहळू होईल. घाई करून चालत नाही."

आणि गेले. एवढंच बोलले ते.

मला हात लावून कुणी हाकललं नाही. हात लावायचाच नव्हता ना. लांब बांबूनं ढोसलं, खळ ढवळायच्या. बरगडीला लागला. मी उठले आणि दारातून गेले. ज्या दारानं मालक येतात-जातात, त्या.

चिगव्वा माझ्यावर महिनाभर चिडून होती. "माग मिळत हुता की गं खुळे! तोंड झाकून खाल्लेली भाकरी काय कडू लागती?"

"लागती, चिगव्वा."

"मग खा आता उघड्या तोंडानं वारा."

तिचंही चुकलं नव्हतं. कोल्हापुरातल्या एकाही मागवाल्यानं मला पुन्हा दारात उभं केलं नाही. रस्त्याची खडी फोडली मी. पुढं गुळाच्या बाजारात रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, गोणपाट शिवायला लागले. मागावर परत बसले नाही ती नाहीच. आज डोळे अधू झालेत, हात थरथरतो, आता कुणी सोन्याचा माग दिला तरी उपयोग नाही. हे काही भरून आलं नाही. येत नसतं.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या शेजारी एक जण दरबारात पट्टेवाला होता. थोडं वाचायला यायचं त्याला. महिन्या-दोन महिन्यांनी तो म्हणाला, "अक्का, तुमचा कारखाना लिवलाय की कागदात. साहेबानं लिवलंय, सगळ्या जातीची माणसं तिथं मिळून काम करत्यात. अस्पृश्य स्त्री मागावर समाधानाने काम करते, असं हाय बघा."

"माझं लिवलंय?"

"तुमचंच की. दुसरी कोण हाय तिथं?"

मी त्याला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. बांबूनं ढोसलेली बरगडी तेव्हा अजून दुखत होती, श्वास घेतला की कळ यायची. आणि तिकडं दरबारात, कपाटात, मी समाधानाने विणत बसले होते. ते वाचून महाराजांनाही बरं वाटलं असेल.

त्याच दिवशी मी पट्टेवाल्याला म्हटलं, मला अक्षरं दाखव. त्यानं राखेत काढून दाखवली. पुढची मी दुकानांच्या पाट्यांवरून उचलली, गुळाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून उचलली, विचारून, चुकून, हसं करून घेऊन. चार वर्षं गेली. महाराज तोवर राहिले नव्हते. नाहीतर त्यांच्या दारात जाऊन बसणार होते मी.

आता हे मी माझ्या हातानं लिहितेय. वेलांट्या चुकल्या असतील, चुकू देत. आमच्या आळीतल्या पोरी म्हणतात, आजी, झालं गेलं, मेली ती माणसं, सोड आता. मी सोडलेलं नाही. गणूतात्याला नाही, मालकाला नाही, त्या चष्मा पुसणाऱ्या साहेबाला तर मुळीच नाही. त्या कागदातलं ते वाक्य खोटं आहे. ज्या बाईबद्दल ते लिहिलं ती मी. मी समाधानी नव्हते, आजही नाही, आणि माझ्याबद्दल पुन्हा कुणी तसं लिहिलं, तर जिवंत असेपर्यंत त्याच्या दारात जाऊन, त्याच्यासमोर, त्याच्याच कागदावर मी ते खोडणार आहे.